गाळाखालच्या पायऱ्या

स्मरणिकेसाठी लेख मागितला की आपण माजी विद्यार्थी बहुधा वसतिगृहाच्या आठवणी लिहितो. पहाटेची घंटा, हिवाळ्यातील गार पाण्याची आंघोळ, वरणात डाळ शोधण्याचा उद्योग आणि गुरुजींचा धाक. हे सारे आजवर इतक्या जणांनी इतक्या आपुलकीने लिहिले आहे की त्यात मी भर घालावी असे फारसे उरलेले नाही. म्हणून यंदा आपल्या जिल्ह्यातील एका गावाविषयी आणि तेथील माणसांनी हाती घेतलेल्या एका कामाविषयी लिहितो. त्या कामाचा आपल्याशी काय संबंध, हा प्रश्न मला माझ्याच घरात विचारला गेला. तो प्रश्न रास्त होता, त्यामुळे त्याचाही उल्लेख पुढे येईल.

गाव चारठाणा, तालुका जिंतूर. जुने नाव चारुक्षेत्र असे सांगतात. गावात कोणाही वृद्धाला विचारा, तो तीनशे साठचा आकडा सांगेल : ३६० देवळे, ३६० बारवा. आख्यायिकेतला आकडा मोजून पाहायचा नसतो. पण गावातून हिंडताना तो आकडा का सुचला असेल हे उमगते. यादवकाळातील दगडी मंदिरे येथे अशी विखुरली आहेत की एखादे गल्लीच्या वळणावर भेटते, एखादे शेताच्या बांधाला. गोकुळेश्वराचे मंदिर आणि त्याची बारव, जोड महादेव, आणि उघड्यावर उभा असलेला तो उंच कोरीव दगडी स्तंभ. त्या स्तंभाला कोणी दीपमाळ म्हणतो, कोणी विजयस्तंभ, तर कोणी जैनांचा मानस्तंभ. वाद घालणाऱ्यांना तो स्तंभ काही उत्तर देत नाही, हे बरेच आहे.

या बांधणीला आपण सरसकट 'हेमाडपंती' म्हणतो. हेमाद्री तथा हेमाडपंत हा तेराव्या शतकातील देवगिरीच्या यादवांचा प्रधान. त्याच्या जन्मापूर्वीही अशी मंदिरे बांधली जात होती. नाव मात्र त्याचे राहिले. बांधणारे पाथरवट निनावी राहिले, सही करून घेणारा प्रधान अमर झाला. हे आपल्याकडे नवे नाही. त्या पाथरवटांचे कसब मात्र समजून घेण्यासारखे आहे. काळ्या पाषाणाचे चिरे घडवून, एकाला खाच आणि दुसऱ्याला कुसू ठेवून, चुन्याचा किंवा मातीचा लेप न देता ते एकमेकांत बसवलेले असतात. भिंत उभी राहते ती दगडाच्या स्वतःच्या वजनावर. म्हणूनच ती सात-आठशे वर्षे टिकते, आणि म्हणूनच फटीत पडलेले पिंपळाचे एक बी तिला पन्नास वर्षांत उलथून टाकू शकते. पिंपळ वरून तोडला तर काही होत नाही, उलट तो चौपट फुटतो. मूळ मरेपर्यंत त्याच्यामागे लागावे लागते, आणि मूळ जर दगडांना धरून बसले असेल तर ते ओढूनही चालत नाही, कारण मुळाबरोबर चिराही येतो. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली नाही. चारठाण्याच्या एका तरुणाने खुरपे हातात धरून ती मला समजावून सांगितली.

हे तरुण, आणि त्यांच्याबरोबर गावातील काही जाणती माणसे, गेली काही वर्षे हे काम करीत आली आहेत. सुटीच्या दिवशी जमायचे, देवळाभोवतीची वेडी बाभूळ आणि घाणेरी तोडायची, बारवेतला गाळ उपसायचा, विखुरलेली शिल्पे एका जागी नीट मांडायची. पुढे गावात वारसा फेरी निघू लागली. बाहेरगावची माणसे, अभ्यासक, शाळेची मुले येऊ लागली. राज्यभर बारवांची नोंद घेत हिंडणाऱ्या रोहन काळे यांच्या बारव मोहिमेने अशा गावांना एकमेकांची ओळख करून दिली आणि महाशिवरात्रीला बारवांतून दिवे लावण्याचा प्रघात पाडला. आपल्याच जिल्ह्यातील सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव आता पुष्कळांना ठाऊक झाली आहे. तिच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत उतरतात, शंखाच्या आतल्या वळणासारख्या. तीही गावकऱ्यांनीच श्रमदानाने मोकळी केली.

श्रमदान हा शब्द ऐकायला हलका आहे. गाळ हलका नसतो. वरचा थर कोरडा, तो फावड्याने निघतो. खालचा थर चिकट, त्यात फावडे रुतते आणि घमेले दुप्पट जड होते. पायऱ्यांवर माणसांची साखळी करून घमेले हातोहात वर द्यावे लागते. तासाभराने खांदा बोलू लागतो. गावोगावच्या बारवांतून काय निघते ते एकदा पाहावे : चपला, बाटल्या, निर्माल्याच्या पिशव्या, तसबिरीच्या काचा, सायकलची रिम, आणि मधूनच एखादा मूर्तीचा हात किंवा कोरीव पट्टीचा तुकडा. म्हणून घाई चालत नाही. यंत्र लावले तर दोन दिवसांत बारव रिकामी होईल, पण यंत्राच्या दातांना दगड आणि शिल्प यांतला फरक कळत नाही. निघालेला प्रत्येक घडीव दगड बाजूला ठेवायचा, तो कोणत्या बाजूला सापडला ते लिहायचे, छायाचित्र काढायचे, आणि पुढचे काम जाणकारांना विचारून करायचे. मंदिर राज्य संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीवाचून एक चिराही हलवायचा नाही, १९६०चा कायदाच तसा आहे.

चांगल्या हेतूने झालेले नुकसान हा या क्षेत्रातला जुना रोग आहे. १९१४ साली निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढले, गुलाम याजदानी त्याचे पहिले संचालक. त्या खात्याने अजिंठ्यासाठी पुष्कळ केले. परंतु १९२०च्या सुमारास इटलीहून दोन नामांकित तज्ज्ञ आणून चित्रांवर लाखेचे रोगण चढवले गेले. चित्रे तेव्हा उजळली. पुढे तेच रोगण पिवळे-तपकिरी पडले आणि ते काढता काढता पुढच्या पिढ्या थकल्या. जगातील उत्तम माणसांच्या हातून असे झाले, तर आपण देवळाला ऑइलपेंट देतो, फटींत सिमेंट भरतो आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी बसवतो, त्याचे काय सांगावे! सिमेंट ओल आत कोंडते, दगडाला श्वास घेऊ देत नाही, आणि एकदा बसले की दगडाचा कपचा घेऊनच निघते. चारठाण्याच्या मंडळींचे मला कौतुक वाटले ते त्यांनी किती गाळ काढला यासाठी जितके, तितकेच त्यांनी काय केले नाही यासाठी.

आता घरातला प्रश्न.

चारठाण्याला श्रमदानासाठी जाऊन आलो, त्या संध्याकाळी आत्या घरी आली होती. वय ऐंशीच्या पुढचे. डोळ्यांनी अधू, जिभेने नाही. माझ्या नखांतला गाळ पाहून तिने चौकशी केली. मी उत्साहाने सांगितले. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "काहून रे बाबा, ज्या बारवेनं आपल्याला कधी ओंजळभर पाणी दिलं नाही, तिचा गाळ काढायला तू चाललास?"

ती चारठाण्याविषयी बोलत नव्हती. आमच्या वाडवडिलांच्या गावाविषयी बोलत होती. त्या गावाचे नाव येथे घेत नाही, कारण त्या काळी जे तेथे होते ते कमीअधिक सगळीकडेच होते. त्या गावालाही एक बारव आहे, चौकोनी, तीन बाजूंनी पायऱ्या उतरणारी, देवकोष्ठे असलेली. माझी आजी त्या बारवेच्या सर्वांत वरच्या पायरीच्याही अलीकडे, चिंचेखाली घागर ठेवून बसत असे. कोणी तरी वर येईल, त्याला दया येईल, आणि तो उंचावरून तिच्या घागरीत पाणी ओतील. कधी लवकर येई, कधी दुपार होई. आत्या लहानपणी आजीबरोबर बसलेली आहे. त्या बारवेत खाली काय कोरलेले आहे हे तिने जन्मात पाहिले नाही, आणि पाहण्याची इच्छाही तिला नाही.

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. नंतर सुचली ती पुस्तकी होती. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते तळे बुजवा असे म्हणाले नाहीत. ते सर्वांचे आहे असे म्हणाले. पुढे १९३४ साली ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. प्रवासाने धुळकटलेली मंडळी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुऊ लागली, तोच हौद बाटवला म्हणून ओरडा झाला, माणसे जमली, आणि आत कोठेही पाण्याला शिवणार नाही या अटीवर, पहारेकऱ्याच्या देखरेखीखाली त्यांनी किल्ला पाहिला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. दौलताबादच्या किल्ल्यावर आज हजारो पर्यटक जातात. देवगिरीचे यादव, खिलजी, तुघलक, निजामशाही, सर्वांची माहिती मिळते. पण त्या हौदापाशी १९३४ साली काय घडले, तेही त्या वास्तूच्या इतिहासात बसते, असे मला वाटते.

आत्याला मी यातले काही सांगितले. तिने मान हलवली. चवदार तळ्याचे तिला माझ्याहून अधिक ठाऊक आहे. तिच्या पिढीने ते गाण्यांतून शिकले आहे. ती म्हणाली, "तळं खुलं केलं ते पाणी प्यायला. तुमी कशाला करताय, फोटूला?"

हा टोला खरा आहे, आणि त्याला उत्तर देण्यासाठी बारवा मेल्या कशा हे पाहावे लागते. त्या परकीय आक्रमणाने मेल्या नाहीत. पुष्कळशा आपल्या डोळ्यांदेखत, गेल्या साठ-सत्तर वर्षांत मेल्या. पहिले कारण नारू. आपल्या भागातील म्हाताऱ्या माणसांच्या पायांवर त्याच्या खुणा अजून दिसत. नारू झालेला माणूस पायरी उतरून पाण्यात पाय घाली, जखमेतून कृमीची पिले पाण्यात जात, पाण्यातला सूक्ष्म जीव ती गिळी, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगात वर्षभराने नवा नारू वाढे. म्हणून आरोग्य खात्याने पायऱ्यांच्या विहिरींचा वापर बंद करण्याचा आग्रह धरला; कोठे पायऱ्या बुजवल्या, कोठे कठडे घातले. १९८०च्या दशकात देशव्यापी निर्मूलन कार्यक्रम झाला, १९९६ साली शेवटचा रुग्ण आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. बारवेच्या अंताचे दुःख करताना हा हिशेब विसरू नये.

दुसरे कारण १९७२चा दुष्काळ आणि त्यानंतर आलेले हातपंप. आमच्या वस्तीत हातपंप बसला तो दिवस आत्याला तिथीवारासह आठवतो. लोखंडी दांडा दाबला की पाणी येते, आणि त्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही, हे तिने आयुष्यात प्रथम त्या दिवशी पाहिले. गावातले अभ्यासू लोक 'बोअरवेलने बारवा मारल्या' असे हळहळून सांगतात, तेव्हा मला तो हातपंप आठवतो. बारव सुकली तेव्हा गावाचा एक वारसा गेला असेल. आमच्या आयाबायांचा मात्र चिंचेखालचा ताटकळा संपला. आता भूजल इतके खोल गेले आहे की तो हातपंपही गंजून पडला आहे आणि जानेवारीपासून टँकरची वाट पाहावी लागते. ही वाट आता साऱ्या गावाला पाहावी लागते, एवढाच फरक.

म्हणून वास्तू राखायची म्हणजे ती वापरात आणायची, या मताकडे मी आलो. हे मत काही नवे नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे त्रिविक्रमाचे मंदिर आहे, विटांचे, मागची बाजू अर्धगोल. अनेक अभ्यासकांच्या मते ते मुळात बौद्ध चैत्यगृह आहे, आणि महाराष्ट्रात आजही उभ्या असलेल्या बांधीव वास्तूंत ते फार जुने. भोवतालच्या विटांच्या इमारती मातीला मिळाल्या, हे उरले. कारण ते कधी ओस पडले नाही. आमच्यापैकी काहींना यात फक्त अन्याय दिसतो. मला दोन्ही दिसते. ज्यांनी ते घेतले त्यांनीच त्यावर छप्पर राखले, दिवा लावला, पावसात गळू दिले नाही. मूळ कोणाचे हे ठामपणे लिहावे, सांगावे. पण ते आज उभे आहे म्हणून तर सांगता येते.

बाबासाहेबांचे हायस्कूलचे शिक्षणही एका जुन्या वास्तूत सुरू झाले, हे आपल्यापैकी कितीजणांच्या लक्षात असते? ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या ज्या शाळेत भिवाचे नाव १९१४ क्रमांकावर नोंदले गेले, ती आजची प्रतापसिंह हायस्कूल, छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यात भरत असे. राजवाडा राजांचा राहिला असता तर त्या दारातून तो मुलगा आत गेला नसता. पुढे त्याच मुलाने २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले ते युद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकींत. इमारत नाही म्हणून वर्ग थांबले नाहीत. फोर्टातील बुद्ध भवन आणि आनंद भवन पुढची. मिळेल ती भिंत शिक्षणाच्या कामाला लावायची, ही रीत आपल्या चळवळीच्या अंगवळणी पडलेली आहे. आपल्या भागात निजामकाळातील कचेऱ्या, सागवानी तुळयांच्या शाळा, पडक्या गढ्या अजून पुष्कळ आहेत. त्या पाडून सिमेंटची खोली बांधणे सोपे असते, कारण पाडण्यासाठीही निधी मिळतो आणि बांधण्यासाठीही. दुरुस्तीला मात्र शीर्ष सापडत नाही, असे एका अभियंत्या मित्राने मला हसत सांगितले. हसण्यासारखे ते नाही.

चारठाण्याहून आल्यावर आमच्या गावची ती बारव मी पहिल्यांदा आतून पाहिली. पन्नाशी उलटल्यावर. वरचा अर्धा भाग मोकळा, खाली गाळ, त्यात उंबर. गावातल्या दोन शिक्षकांनी आणि आमच्या वस्तीतल्या चार मुलांनी चारठाण्याला जाऊन काम पाहून घेतले. तेथल्या मंडळींनी शिकवण्यात कसूर केली नाही. मग आम्हीही रविवारी जमू लागलो. पहिल्या दिवशी सतरा माणसे होती; त्यांत ज्यांच्या आज्या पाणी भरत त्यांची नातवंडे आणि ज्यांच्या आज्या चिंचेखाली बसत त्यांचीही. साखळीत कोण कोणाच्या हातात घमेले देतो हे गाळाने पाहिले नाही, असे लिहायला मला आवडले असते. खरे असे की पहिल्या रविवारी सगळ्यांनीच ते पाहिले. तिसऱ्या रविवारी पाहायला कोणाला वेळ राहिला नाही.

वाद झाला तो फलकावरून. बारवेपाशी माहितीचा फलक लावायचा ठरले. काळ, शैली, देवकोष्ठे, पायऱ्यांची संख्या, इतका मजकूर झाला. मी म्हणालो, आणखी एक ओळ हवी : गावातील काही समाजांना या बारवेवर पाणी भरण्यास मनाई होती. बैठक गप्प झाली. एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, चांगले काम चालले आहे, जुने उकरून कशाला काढता? त्यावर आमच्यातला एक पोरगा पटकन म्हणाला, "काका, आपण महिनाभर जुनंच तर उकरतोय." सगळे हसले, काकाही हसले, पण त्या दिवशी निर्णय झाला नाही. पुढच्या बैठकीला काका स्वतःच मजकूर लिहून घेऊन आले. माझी ओळ त्यांनी घेतली होती, फक्त 'काही समाजांना' हे शब्द खोडून समाजांची नावे स्पष्ट लिहिली होती. त्यांचे म्हणणे, लिहायचेच तर मोघम का लिहायचे?

आत्याला हे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारले, पायऱ्या किती आहेत? गाळाखाली आणखी असतील, अजून मोजून झाल्या नाहीत, असे मी सांगितले. ती म्हणाली, मोजून झाल्या की सांग.

अजून तीन टप्प्यांचा गाळ शिल्लक आहे आणि पावसाळ्यापूर्वी उंबराचे मूळ मारायचे आहे. जिंतूर, सेलू, परभणीकडच्या माजी विद्यार्थ्यांनी एखाद्या रविवारी चारठाण्याला जरूर जावे; गोकुळेश्वरापासून सुरुवात करावी, स्तंभ पाहावा, आणि तेथल्या माणसांशी बोलावे. आमच्याकडेही यावे. घमेली पुरेशी आहेत, जाड हातमोजे कमी पडतात. येताना प्यायचे पाणी बरोबर आणावे. बारवेला झरा लागला आहे, पण पाणी अजून गढूळ आहे.